ख्याल ऐकायचाय? आधी सम पकडा

ख्याल हा शास्त्रीय गायनाचा एक प्रकार. शास्त्रीय संगीत कळायला आधी रागांची नावं पाठ हवीत, असा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी कितीतरी जण दारातूनच परततात. नावं मागाहून येतात. कान आधी तालाला लावा. गायक फिरत फिरत नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येतो, त्याची गंमत नवख्यालाही पहिल्याच आठवड्यात घेता येते.

सुरुवात द्रुत (जलद लयीच्या) तीनतालातल्या बंदिशीने (रागात बांधलेल्या गीताने) करा, आठ-दहा मिनिटांची पुरे. मात्रा (तालाचे ठोके) १६. हातावर धरताना १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला खाली (टाळी न वाजवता हात बाजूला). तबल्याचे बोल असे:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

आता गाणं बाजूला ठेवून फक्त डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला घुमणारा डावा, ऐका. १० ते १३ या मात्रांत त्याचा घुमारा थांबतो. १४व्या ‘धिं’ला तो परत येतो आणि तिथून तिसऱ्या मात्रेला सम. ही खूण सापडली की मोजणी चुकली तरी पुढच्या आवर्तनात (तालाच्या फेरीत) पुन्हा धरता येते. तबलजीने मधेच तुकडा (नेहमीचे बोल सोडून छोटी रचना) घेतला तर मोजणी हमखास सुटते. तेव्हा बंदिशीचा मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी सुरुवात) धरा, त्यातलं एक ठरावीक अक्षर दर वेळी समेवरच पडतं. मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज (खालचा सा) जवळजवळ ऐकूच येत नाहीत, म्हणून हेडफोन वापराच.

मग राग. रोज नवा राग लावला तर कानात काहीच मुरत नाही. पंधरा दिवस एकच घ्या. भूप उत्तम: सा रे ग प ध, मध्यम-निषाद (म, नि) नाहीतच. किशोरी आमोणकरांचा भूप ऐका, मग आणखी दोघातिघांचा. त्यानंतर देसकार लावा. स्वर तेच पाच, पण भूप गंधाराभोवती (ग) फिरतो, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देसकार सकाळचा, त्याचा सगळा जीव धैवतात (ध), सप्तकाच्या वरच्या भागात. फरक शब्दांत सांगता आला नाही तरी चालेल, जाणवला की झालं.

बड्या ख्यालाला, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालाला, इथवर आल्यावरच हात घाला. विलंबित (संथ) एकतालात मात्रा १२च, पण एकेक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. नवख्याला वाटतं, काही घडतच नाहीये. घडत असतं ते असं: गायक साधारणपणे खालच्या स्वरांपासून एकेक पायरी वर जातो. प्रत्येक आवर्तनात तो कुठल्या स्वरावर थांबतोय, एवढंच बघा. वरचा षड्ज (सा) लागला की अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, जवळ आला. सम हवी असेल तर ठेक्यातल्या (तालाच्या ठरलेल्या बोलांतल्या) दुसऱ्या ‘तिरकिट’कडे लक्ष ठेवा. ती दहावी मात्रा. पुढे ‘धी ना’ आणि सम.

शब्द कळत नाहीत म्हणून अडू नका. बहुतेक बंदिशी ब्रजभाषेतल्या आणि दोन-चार ओळींच्याच असतात. एकदा वाचून ठेवा.

महिनाभराने मैफलीला जा. तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरा. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाणार असाल तर अख्खं सत्र बसायचा हट्ट नको. एकच कलाकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, आणि उठायचंच झालं तर दोन रागांच्या मधे उठा.