फुटलेलं अपेंडिक्स आणि कॅज्युअल्टीतली लहान मुलं: या चुका टाळा

पावसाळा लागला की कॅज्युअल्टीत उलटी-जुलाबाच्या पोरांची रांग लागते. रात्री दोन वाजता पेन आपोआप चालतं: ओआरएस, झिंक, उलटी थांबवायला ओंडॅनसेट्रॉन, 'दोन दिवसांनी दाखवा'. त्या रांगेत कधीतरी एक पोर असं येतं, ज्याला गॅस्ट्रो झालेलाच नसतो. दोन दिवसांनी ते परत येतं तेव्हा पोट फुगलेलं, डोळे खोल गेलेले, आणि मग माझा फोन वाजतो. मी लहान मुलांची ऑपरेशनं करतो. इंटर्नच्या बॅचेस बदलतात, चुका त्याच राहतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

जुलाब ऐकले की पोटाला हात न लावणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ती मी स्वतः केली आहे. रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, ऑगस्ट महिना. चार वर्षांचा मुलगा आईच्या कडेवर. दोन दिवस ताप, उलट्या, पोटात दुखणं, 'दिवसातून दहादा होतंय'. त्या रात्रीचा तसा तो सातवा-आठवा असेल. मी कडेवरच स्टेथो लावला, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, पाकिटं हातात ठेवली. सगळं मिळून दोन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माय-लेकरं ओपीडीत आली. आई म्हणाली, "आज पहाटेपासनं एकदम शांत पडलाय, डॉक्टर. पोट दुखायचं थांबलं वाटतं. पण ताप काही उतरंना." पहिलं वाक्य ऐकून मला हायसं वाटलं. शेजारी बसलेले आमचे सर मात्र खुर्चीतून उठले. त्यांनी एकच विचारलं, "ताई, एका वेळी किती होतं?" तिने करंगळीचं पेर दाखवलं. "एवढंसंच. शेंबडागत."

सरांनी पोराला खाली उतरवायला सांगितलं. ते उभंच राहीना. कंबरेत वाकून, उजवी मांडी पोटाशी ओढून, पलंगाची कड धरून थांबलं. रडलंही नाही. नाडी 156, ताप 103, रक्तातलं सोडियम 129. थोडं सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन संध्याकाळी पोट उघडलं तेव्हा ओटीपोटात पू साठलेला, आणि त्या पुवात हरभऱ्याएवढा विष्ठेचा खडा मोकळा पडलेला. मूल अकरा दिवस वॉर्डात होतं. बरं झालं. सर मला काहीही बोलले नाहीत. माझा आदल्या रातचा केसपेपर फक्त ऑपरेशन नोटला टाचून ठेवला.

त्या बाईने मला दोन्ही खुणा आयत्या दिल्या होत्या. अपेंडिक्स ओटीपोटात लोंबत असेल तर ते फुटल्यावर पू गुदाशयाला लागून साठतो. गुदाशय चिडतो, आणि मूल सारखं सारखं बसतं, पण थोडंसंच करतं, शेंबूड मिसळलेलं. गॅस्ट्रोचे जुलाब पाण्यासारखे आणि भरपूर असतात. म्हणून 'किती वेळा' एवढ्यावर थांबू नका, 'किती' तेही विचारा. आणि आधी काय सुरू झालं ते विचारा. अपेंडिक्समध्ये बहुधा आधी दुखतं, मग उलटी होते; गॅस्ट्रोत बऱ्याचदा उलटीपासून सुरुवात होते. हेच मूत्राशयाचं. त्याला सूज लागली की लघवीला जळजळतं, रिपोर्टमध्ये पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसतात, आणि 'यूटीआय', म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, असं लेबल चिकटून पोर घरी जातं.

दुसरी खूण ते 'शांत पडणं'. अपेंडिक्स फुटलं की आतला ताण सुटतो आणि काही तास बरं वाटतं. मोठ्या माणसात ओमेंटमची (पोटातल्या चरबीच्या पडद्याची) चादर त्या जागेभोवती गुंडाळली जाऊन पू कोंडून ठेवते. लहान मुलात ती चादर तोकडी आणि पातळ, अपेंडिक्सची भिंतही पातळ, त्यामुळे पू पोटभर पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत अर्ध्याहून जास्त अपेंडिक्स फुटलेली असतात. त्यात ते पोर कुठे दुखतं म्हटलं की बेंबीवर बोट ठेवतं, मग घसा दुखत असो की गुडघा. दुखणं थांबलं पण ताप आणि नाडी चढीच आहे, असं आई सांगत असेल तर ते मूल मला दाखवल्याशिवाय घरी पाठवू नका.

सरळ मॅकबर्नीच्या जागी बोटं खुपसणं

नवीन डॉक्टरला पुस्तकातली खूण सापडायची घाई असते. आल्या आल्या मॅकबर्नीच्या जागी, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, चार बोटं दाबायची आणि झटकन सोडायची. पोर किंचाळतं, आणि त्यानंतर रात्रभर त्या पोटाला कोणीही हात लावू शकत नाही. इतका अधीरपणा असेल तर पोस्टमॉर्टेमचं डिपार्टमेंट बरं.

माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. मी आधी दारातून पाहतो. गॅसने, मुरड्याने कळवळणारं पोर लोळतं, कूस बदलतं. पोटात पू झालेलं पोर ओंडक्यासारखं पडून असतं, श्वाससुद्धा वरच्या वर घेतं. मग आईला विचारतो, येताना रिक्षा स्पीड ब्रेकरवरून गेली तेव्हा काय केलं त्याने? ही काही गंमत नाही, 2012 साली मोठ्या माणसांत याचा रीतसर अभ्यास झाला आहे: अपेंडिक्सला सूज असलेल्या जवळजवळ सगळ्यांना तिथे कळ आली होती. चालू शकणाऱ्या मुलाला मी उडी मारायला सांगतो. टुणकन दोन उड्या मारणाऱ्या पोराची काळजी मला कमी वाटते. त्याने 'नको' म्हटलं तर मी तिथेच थांबतो आणि कपाळाला आठ्या घालतो.

हात लावायचा तो आईच्या मांडीवरच, हात चोळून गरम करून. सुरुवात डाव्या बाजूने. त्याचाच हात खाली, माझा वर. नजर पोटावर नको, चेहऱ्यावर हवी. दाबून सोडायचं तर नावच काढू नका. एका बोटाने हलकं टिचकावलं तरी पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराला सूज) असलेलं पोर भुवया आवळतं. रडत असेल तर बाहेर जा, चहा घ्या, वीस मिनिटांनी या. झोपलेलं सापडलं तर नशीब समजा: झोपेत मऊ असलेलं पोट खरंच मऊ, आणि झोपेतही फळीसारखं लागलं तर मला फोन करा.

पँट काढा, दर वेळी. वृषणाला पीळ पडलेली मुलं पोटदुखी म्हणूनच येतात. श्वास मोजा. उजव्या खालच्या फुप्फुसातला न्यूमोनियाही पोटातच दुखतो. मधुमेहाने रक्त आंबट झालेलं पोरही पोट धरूनच येतं, एक शुगर करायला काय जातं?

सोनोग्राफीच्या कागदावर झोपणं

'अपेंडिक्स दिसले नाही' आणि 'अपेंडिक्स नॉर्मल आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवर दुसऱ्या पानापर्यंत पहिल्याची दुसरी झालेली असते. फुगलेलं, प्रोबने न दबणारं, 6 मिमीच्या वर जाडीचं अपेंडिक्स दिसलं तर छानच. पण फुटून ढिलं पडलेलं अपेंडिक्स अनेकदा दिसतच नाही. तेव्हा आजूबाजूचं वाचा: गढूळ पाणी, पांढरी पडलेली चरबी, न हलणारी आतडी, कुठे खडा. रेडिओलॉजिस्टला नुसतं 'पोटदुखी' लिहून पाठवू नका. 'तीन दिवस ताप, उजवीकडे गच्च, फुटल्याची शंका' असं लिहिलं की तेच मशीन जास्त दाखवतं. आणि रात्री सोनोग्राफी मिळत नाही म्हणून सकाळपर्यंत अँटिबायोटिक थांबवणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

खुणा झाकल्या जातील म्हणून वेदनाशामक न देणं. हे जुनं खूळ आहे. पॅरासिटामॉल द्या, लागलं तर त्याहून जोरकस द्या. दुखणं कमी झालेलं पोर नीट तपासू देतं.

पांढऱ्या पेशी नॉर्मल म्हणून निश्चिंत होणं. पहिल्या दिवशी त्या नॉर्मल असू शकतात. मी सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि सोडियम दोन्ही पाहतो. सोडियम 135 च्या खाली असेल तर फुटल्याचा माझा संशय वाढतो.

मोबाईलवर स्कोअर भरणं. पेडियाट्रिक अपेंडिसायटिस स्कोअर दहाचा आहे, त्यातले दोन गुण खोकताना-उडी मारताना दुखण्याचे आणि दोन उजवीकडे दाबल्यावर दुखण्याचे. पोटाला हात न लावता हे चार गुण कुठून आणलेत?

एरंडेलाचं न विचारणं. जंत झालेत म्हणून एरंडेल, बेंबी सरकली म्हणून चोळणं, बेंबीवर हिंग, हे सगळं होऊन पोर आपल्याकडे येतं. हिंगाने काही बिघडत नाही. एरंडेलाने आणि चोळण्याने बिघडू शकतं. पण आजीला ओरडलात तर पुढची खरी माहिती मिळणार नाही.

थेट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पळवणं. फुटलेलं अपेंडिक्स एक-दोन तास थांबतं, कोरडं पडलेलं पोर थांबत नाही. किलोमागे 10 ते 20 मिली सलाईन किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट), मग नाडी पुन्हा मोजा, लघवी पाहा. हिरवी उलटी होत असेल तर नाकातून नळी. मग बेहोशीचे डॉक्टर तुम्हाला दुवा देतील.

आणि रेफरल. तालुक्यावरून ॲम्ब्युलन्स निघते, सोबत चिठ्ठी: 'पोटदुखी, पुढील उपचारासाठी'. दोन-अडीच तासांचा रस्ता, पोराच्या हाताला साधी आयव्ही नाही. वजनाप्रमाणे सेफ्ट्रिअॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकांचा पहिला डोस तुमच्याच पलंगावर जाऊ द्या. शिरेत सलाईन चालू ठेवा, तोंडाने काही देऊ नका. निघण्याआधी समोरच्याला फोन करा. चिठ्ठीवर दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली, कोणता डोस किती वाजता दिला ते लिहा. आणि वजन लिहा. अंदाजे नको, काट्यावरचं, किलोत.