नागपुरात राहून जगाशी येणं-जाणं कसं ठेवायचं

नागपूरला समुद्र नाही, बंदर नाही, आणि परदेशात थेट जाणारी विमानं बोटांवर मोजण्याएवढी. त्यामुळे ‘जग बघायचं’ म्हटलं की आमच्याकडचे लोक आधी मुंबईचं तिकीट काढतात. मी नोकरीभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्या. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही वाटा ज्या गावात एकमेकींना छेदतात, तिथे बसून जग लांब आहे म्हणणं मला काही पटत नाही.

पार्सल ऑफिसात एक गोष्ट डोक्यात पक्की बसते. गावातून माल बाहेर जातो तसा आतही येतो, आणि नुसती आवक किंवा नुसती जावक असेल तर तो धंदा फार दिवस चालत नाही. माणसांचंही तसंच. म्हणून खाली जे सांगतोय त्यात प्रत्येक वेळी दोन कामं आहेत: काही घ्यायचं, आणि आपलं काही द्यायचं. द्यायचं काम लोक विसरतात.

पहिला नियम माझा मी केलेला आहे. एका वर्षी एकच मुलूख धरायचा. सोमवारी थाई, मंगळवारी इटालियन असं मोबाईलवर बघून केलं तर पोट भरतं, ओळख होत नाही. एक मुलूख धरला की वर्षभर त्याचंच खायचं, ऐकायचं, वाचायचं, त्यातली माणसं शोधायची, आणि जमलं तर वर्षाच्या शेवटी तिकडे जाऊन यायचं. नकाशा भिंतीला लावा. मोबाईलमधला नको, कागदाचाच. जेवताना नजर जाते.

सुरुवात जरीपटक्यापासून करा

मुलूख परदेशीच हवा असा हट्ट धरू नका. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं जरीपटक्यात वसली. तो मुलूख आता सीमेपलीकडे आहे, पण त्याचं स्वयंपाकघर आपल्या सिटी बसच्या अंतरावर आहे. रविवारी सकाळी उपाशी पोटी जा. दाल पकवान खा: वर चटणी-कांदा घातलेली चण्याची डाळ आणि कडक तळलेला मैद्याचा पकवान. गर्दी ओसरली की मालकाला विचारा, घरी डाळ अशीच करता का. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘घरी वेगळी.’ तिथून पुढे बोलणं आपोआप होतं.

सिंधी कढी घरी करून बघाच. आपली कढी ताकाची, हिच्यात ताकाचा थेंब नसतो. चौघांसाठी चार मोठे चमचे तेल तापवा, त्यात जिरं, थोडे मेथीदाणे, कढीपत्ता घाला. अर्धी वाटी बेसन टाकून मंद आचेवर परता. घाई इथेच नडते. बेसन पिवळं असताना पाणी ओतलं तर कच्चट वास शेवटपर्यंत जात नाही. रंग बदामीच्या पुढे गेला आणि घरभर खमंग वास सुटला की मगच दीड लिटर गरम पाणी हळूहळू ओता आणि गुठळ्या मोडा. हळद, तिखट, मीठ, हिरवी मिरची, आलं घालून वीस मिनिटं उकळू द्या. मग बटाटा, गवार, शेवग्याच्या शेंगा. भेंडी वेगळी तळून घ्या आणि उतरवायच्या थोडं आधी सोडा, नाहीतर चिकट होते. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी, कारण आंबट पाण्यात गवार आणि बटाटा लवकर शिजत नाहीत. भातावर ओतून खायची, सोबत बटाट्याचे तळलेले टुक आणि गोड बुंदी. कढी-भाताबरोबर गोड बुंदी म्हटल्यावर आमच्या घरी आधी सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आता बुंदी आणली नाही तर मलाच ऐकून घ्यावं लागतं.

आता देण्याचं. ज्या घरातून कढी शिकलो तिथे मी गोळाभात नेला. चण्याच्या भरड वाटलेल्या डाळीचे गोळे भातात शिजवलेले, आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. त्यांच्या आजी चण्याच्या डाळीत मुरलेल्या. एक गोळा फोडून म्हणाल्या, ‘भाईसाब, तेल कम डाला है.’ त्यांचं बरोबर होतं. गोळाभाताला तेल सढळ हातानेच लागतं.

धंतोलीतल्या बंगाली दुर्गापूजेलाही असंच जाता येतं. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली निघाली. तिच्या निमित्ताने बंगाली बाबू इथे आले आणि आपली पूजा घेऊन आले. भोगाची खिचडी मिळते त्या वेळेला जा, रांगेत उभे राहा. एवढं पुरे.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर

नागपुरात जग सगळ्यात मोठ्या संख्येने उतरतं ते दसऱ्याला. १९५६ साली दसऱ्याच्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक येतात, त्यात परदेशी भिक्षू आणि उपासकही असतात. शहरातले बरेच जण त्या दिवशी ट्रॅफिकच्या भीतीने घराबाहेर पडत नाहीत. मला याचं नवल वाटतं. बाहेरून माणसं कुठून कुठून येतात, आणि लक्ष्मीनगरातला माणूस म्हणतो, ‘कायले जाता बाप्पा त्या गर्दीत!’

मुख्य दिवशी आत शिरण्याचा हट्ट नको. आदल्या दिवशी सकाळी लवकर जा, गाडी लांब ठेवा, पायी चाला. स्तूपाजवळचा बोधिवृक्ष बघा. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने श्रीलंकेत अनुराधपूरला नेली. अनुराधपूरच्या त्या वृक्षाच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला आणून लावल्या. म्हणजे हे झाड बिहारातून निघून समुद्र ओलांडून विदर्भात आलं. मुलांना भूगोल शिकवायचा तर मी त्या झाडाखाली बसवून शिकवीन.

नंतर पुस्तकांचे स्टॉल. इथे सगळ्यात जास्त वेळ ठेवा. फुटपाथवर सतरंजी टाकून बसलेले विक्रेते देशाच्या कोपऱ्यांतून येतात आणि मराठीसोबत हिंदी, तेलुगू, पंजाबी पुस्तकंही दिसतात. धरलेल्या मुलखावरचं एक तरी पुस्तक इथे मिळतंच.

भिक्षूंशी बोलायचं तर थोडे रिवाज माहीत हवेत. थेरवादी परंपरेतले भिक्षू, म्हणजे श्रीलंका, थायलंड, म्यानमारचे, दुपारी बारानंतर जेवत नाहीत. जेवू घालायची इच्छा असेल तर अकराच्या आत. बाईमाणसाने वस्तू थेट त्यांच्या हातात न देता समोर ठेवायची असते किंवा सोबतच्या पुरुषाकडे द्यायची. फोटोआधी विचारायचं. एवढं पाळलं की इंग्रजी मोडकं असलं तरी निभतं.

जपानचं वर्ष धरलं असेल तर नागपूरजवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर आहेच. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीतून ते १९९९ साली उभं राहिलं. संध्याकाळी गर्दी सेल्फीवाल्यांची असते, म्हणून सकाळी जा आणि प्रार्थनागृहात गप्प बसा. जपानहून १९६०च्या दशकात आलेले भदन्त सुरेई ससाई नागपूरच्या इंदोरा वस्तीत राहिले आणि भारताचे नागरिक झाले. त्यांना ओळखणारी जुनी माणसं इंदोऱ्यात भेटतात. चहाच्या टपरीवर बसून त्यांचं ऐकणं मला कुठल्याही प्रदर्शनापेक्षा जास्त आवडतं.

तिबेट, भंडाऱ्याच्या पुढे

हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात. आपण त्यांच्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो आणि निघून येतो. पुढच्या वेळी भाव ठरला की विचारा, गाव कोणतं. कुणी कर्नाटकातलं सांगेल, कुणी धरमशालेचं. आणि कुणी सांगेल, गोठणगाव. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. साकोली, नवेगाव बांध या बाजूने गाडीने जाता येतं, आणि नवेगावचा तलावही त्यातच होतो.

हिवाळ्यात मात्र जाऊ नका. कमावती माणसं स्वेटर विकायला बाहेरगावी असतात आणि वसाहत ओस वाटते. लोसार, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्या सुमाराला माणसं घरी असतात. आधी ओळख काढून, फोन करून जा. ती वसाहत आहे, रिसॉर्ट नाही. ‘ताशी देलेक’ म्हणा, तो त्यांचा नमस्कार. लोण्याचा खारट चहा पुढे आला तर चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या. म्हणजे बरा लागतो.

बसल्या जागी पोस्टकार्ड

गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि बारावीच्या मुलांसाठी पोस्टक्रॉसिंग नावाचा प्रकार उत्तम. २००५ साली पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने तो सुरू केला. वेबसाइटवर नाव नोंदवलं की जगातल्या कुठल्या तरी सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. त्याला खरंखुरं पोस्टकार्ड पाठवायचं. त्याने तो क्रमांक नोंदवला की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला जातो आणि त्याचं कार्ड तुमच्या घरी येतं. आधी द्यायचं आणि मग घ्यायचं, म्हणून मला हा व्यवहार फार आवडला. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात.

क्रमांक दोनदा लिहा, एक मजकुराजवळ आणि एक कोपऱ्यात. शिक्का नेमका त्यावरच पडतो. दर खिडकीवर विचारून घ्या. जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, फिलाटेलीच्या (तिकीट जमवणाऱ्यांच्या) खिडकीवर चित्रांची तिकिटं मागा, कारण घेणारा तिकीटसुद्धा जपून ठेवतो.

आणि लिहायचं काय? ताजमहालाचं कार्ड घेऊन ‘इंडिया इज ग्रेट’ नको. मारबत लिहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, लोक ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडतात, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवर, महागाईपासून दुसऱ्या देशांच्या पुढाऱ्यांपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. असलं काही लिहिलं की समोरचा माणूसही आपल्या गावचं खरं काही तरी लिहितो.

आणि मग जा

पहिल्या परदेशवारीला मी लुंबिनी सुचवतो. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवा आणि पुढे लुंबिनी. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधारवर विसंबू नका. आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, तो दर ठरलेला आहे. त्यामुळे पैसे बदलताना हिशेब स्वतः करा.

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहेच. पण मोठ्या आवारात थायलंड, म्यानमार, चीन, कोरिया, जर्मनी अशा देशांनी आपापले विहार बांधलेत. पायी किंवा भाड्याच्या सायकलवर दिवसभर फिरा. कोरियन विहारात यात्रेकरूंची राहण्या-जेवण्याची सोय होते. उन्हाळा टाळा. नागपूरच्या माणसाला उन्हाची काय भीती, असं म्हणू नका, तिथली हवा दमट असते.

नेपाळात गुंद्रुक खा. पालेभाजी आंबवून वाळवलेली असते. आणि मस्यौरा, म्हणजे डाळ-भाजीचे वाळवलेले गोळे. आमच्या सांडग्यांचे सख्खे भाऊ. मी घरचे सांडगे पिशवीत घेऊन गेलो होतो. भैरहव्याच्या एका खानावळीत बाईंनी ते लगेच परतून ताटात वाढले आणि बदल्यात मस्यौऱ्याची पुडी बांधून दिली. परत येताना शोकेसच्या वस्तू आणू नका. शिजवता येईल असं आणा: सुकं गुंद्रुक, टिमुर. टिमुर म्हणजे तिरफळाच्या जातीचा मसाला, मटणाच्या रश्श्यात चिमूटभर पुरे.

नेण्यासाठी नागपूरचं काय, तर संत्री. विमानाने परदेशी जाताना ताजी फळं नको, बरेच देश ती आत येऊ देत नाहीत. तिथे संत्राबर्फी. देशात कुणाकडे जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याची, संत्री न्या, ती आंबिया बहाराच्या संत्र्यांपेक्षा गोड असतात. पेटी संत्रा मार्केटातून घ्या आणि घेताना तळाच्या थरात हात घालून दोन-चार फळं दाबून बघा. वरचा थर नेहमीच देखणा लावलेला असतो, हे मी हजारो पेट्या चढवून सांगतोय.