फॉर्ममधून आलेली फाइल सर्व्हरवर नीट कशी घ्यायची

फॉर्ममधून फाइल घेणं दिसायला एवढंसं काम आहे, एक इनपुट टाकला, सर्व्हरवर चार ओळी लिहिल्या की झालं, ट्यूटोरियलमध्ये पण तेवढंच दाखवून पुढे जातात. पण बऱ्याच साइटवर बाहेरच्या कुणालाही तुमच्या डिस्कवर हवं ते लिहू देणारी हीच एक जागा असते, म्हणून इथे घाई करू नका असं मनापासून सांगतो. पीएचपी, नोड, पायथन अशी उदाहरणं मिसळून येतील, भाषा कुठलीही असली तरी मुद्दा एकच आहे: फाइलबद्दल ब्राउझर जे जे सांगतो, नाव, टाइप, साइज, तो सगळा समोरच्याचा दावा आहे, खरं काय ते सर्व्हरने स्वतः बघून ठरवायचं.

आधी फॉर्म. मेथड पोस्ट आणि एनकटाइप (फॉर्मचा डेटा कुठल्या पद्धतीने बांधून पाठवायचा ते) मल्टिपार्ट फॉर्म-डेटा. एनकटाइप लिहायचं राहिलं तर एरर कुठेच येत नाही, फॉर्म व्यवस्थित सबमिट होतो, बाकीची फील्डं पण येतात, फक्त फाइलच्या जागी तिचं नुसतं नाव येतं टेक्स्ट म्हणून, आणि मग लोक सर्व्हरच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. जावास्क्रिप्टने पाठवत असाल तर फॉर्मडेटा ऑब्जेक्ट बनवून फेचला द्या आणि कंटेंट-टाइप हेडर हाताने लावू नका. त्या हेडरमध्ये बाउंड्री (दोन भागांमधली खूण) असते, ती ब्राउझर बनवतो, तुम्ही हेडर स्वतः लिहिलात की बाउंड्री जाते आणि एक भाग कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला हे सर्व्हरला कळायला मार्गच राहत नाही. इनपुटवरचं अ‍ॅक्सेप्ट अ‍ॅट्रिब्यूट जरूर लावा, युजरला फाइल निवडायला बरं पडतं, पण ती सिक्युरिटी नव्हे, कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला तुमचा फॉर्म दिसत सुद्धा नाही.

रिक्वेस्टच्या बॉडीचं पार्सिंग, म्हणजे त्यातले भाग वेगळे करणं, स्वतः लिहू नका. हा फॉरमॅट १९९५ च्या आरएफसी १८६७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) पासून आहे, आता २०१५ चा आरएफसी ७५७८ चालतो, आणि त्यात बारीकसारीक इतक्या गोष्टी आहेत की मुरलेली लायब्ररीच वापरायची आणि ती अपडेट ठेवायची. अपडेट ठेवायची हे मुद्दाम म्हणतोय. २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कच्या मल्टिपार्ट पार्सरमध्ये असं भोक सापडलं की नुसत्या कंटेंट-टाइप हेडरमधून सर्व्हरवर कोड चालवता यायचा, त्याचा पॅच आलेला होता, तरी वेळेत न लावल्यामुळे त्याच वर्षी इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट कंपनीचा डेटा गेला.

आता साइज, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लिमिट एका जागी नसते, थरावर थर असतात. पुढे एनजिनएक्स (तुमच्या कोडच्या आधी रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याचं क्लायंट मॅक्स बॉडी साइज डिफॉल्टने १ एमबी असतं, त्यावर गेलात की ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) हा एरर येतो आणि तुमच्या कोडला रिक्वेस्ट आल्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या मागे पीएचपीत अपलोड मॅक्स फाइलसाइज डिफॉल्ट २ एमबी, पोस्ट मॅक्स साइज ८ एमबी आणि एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त २० फाइली. पोस्ट मॅक्स साइज ओलांडली तर पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे देतो, म्हणजे युजरने अख्खा फॉर्म भरलेला असतो आणि तुमचा कोड त्याला सांगतो की नाव टाकणं आवश्यक आहे. म्हणून पहिल्यांदा हे तपासा: मेथड पोस्ट आहे, कंटेंट-लेंग्थ शून्यापेक्षा मोठी आहे आणि तरी पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे आहेत का, असतील तर सरळ "फाइल फार मोठी आहे" असा मेसेज द्या. या सगळ्या आकड्यांचा क्रम पण लावून ठेवा, एका फाइलची लिमिट सगळ्यात लहान, पूर्ण पोस्टची तिच्यापेक्षा मोठी, एनजिनएक्सची त्याहून थोडी मोठी, म्हणजे नकार तुमच्या कोडकडून जातो आणि युजरला समजेल अशा भाषेत जातो.

नोडमध्ये मल्टर (फाइल घेणारी लायब्ररी) वापरत असाल तर लक्षात घ्या की फाइल साइजला डिफॉल्ट लिमिटच नाही, ती तुम्ही द्यायची. आणि मेमरी स्टोरेज निवडलंत तर अख्खी फाइल रॅममध्ये येते, दहा जणांनी एकदम मोठा व्हिडिओ टाकला की प्रोसेस मेलीच समजा. पायथनच्या फ्लास्क फ्रेमवर्कमध्ये मॅक्स कंटेंट लेंग्थ स्वतः सेट करावी लागते. जँगो (हाही पायथनचाच) त्या मानाने समजूतदार आहे, अडीच एमबीपर्यंतची फाइल मेमरीत ठेवतो आणि त्यावरची टेम्प फाइलमध्ये लिहितो, पण म्हणून फाइल केवढीही मोठी असली तरी अडवतो असं नाही, ते तुम्हीच बघायचं. स्वतः स्ट्रीम वाचत असाल तर कंटेंट-लेंग्थवर विसंबू नका, चंक्ड म्हणजे तुकड्यातुकड्याने येणाऱ्या रिक्वेस्टमध्ये ते हेडर नसतंच, वाचता वाचता बाइट मोजा आणि लिमिट गेली की तिथेच थांबा आणि अर्धवट फाइल उडवा.

पीएचपीवाल्यांनी एरर कोड दर वेळी तपासावा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे आयएनआयमधली (पीएचपीच्या सेटिंग फाइलमधली) लिमिट ओलांडली, ३ म्हणजे अर्धीच आली, ४ म्हणजे युजरने फाइल निवडलीच नाही, ६ म्हणजे टेम्प फोल्डर नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही. ४ ला एरर म्हणायचं की नाही हे फाइल कंपलसरी आहे का त्यावर ठरवा, ६ आणि ७ मात्र युजरची चूक नाही, त्याला सॉरी म्हणा आणि तुमच्या लॉगमध्ये मोठ्याने ओरडा. त्यानंतर फाइल हलवायला मूव्ह अपलोडेड फाइल हेच फंक्शन वापरा, साधं रिनेम नको, कारण ती फाइल खरंच या रिक्वेस्टमधून आलीय का हे ते फंक्शन बघतं. रिक्वेस्ट संपली की टेम्प फाइल पीएचपी आपोआप पुसतो, तेव्हा हलवायचं ते त्याच रिक्वेस्टमध्ये.

नावाबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे: डिस्कवर युजरने दिलेलं नाव कधीच वापरायचं नाही. साफ करून पण नाही. नावात दोन टिंबं आणि स्लॅश घालून वरच्या फोल्डरमध्ये घुसता येतं, काही लायब्रऱ्या हा पाथ कापतात, काही नाही. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या की दुसरी पहिलीला पुसून टाकते. आणि आपल्यासारख्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, नावं देवनागरीत असतात. फ्लास्कवाले जे सिक्युअर फाइलनेम फंक्शन वापरतात ते आस्कीच्या (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांच्या) बाहेरची सगळी अक्षरं काढून टाकतं, त्यामुळे "बायोडेटा" नावाची पीडीएफ दिली तर हातात राहतं फक्त "पीडीएफ" हे एक्स्टेन्शनचं अक्षरत्रय, टिंबसुद्धा नाही, आणि पुढचा माणूस "फोटो" नावाची पीडीएफ टाकतो त्याचं पण तेच होतं, म्हणजे टक्कर ठरलेली. मल्टरच्या अलीकडच्या व्हर्जनमध्ये ओरिजिनल नेम लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) म्हणून वाचलं जातं, तिथे मराठी नावाचा पार चुराडा दिसतो, ते बाइट लॅटिन-१ मधून परत घेऊन यूटीएफ-८ म्हणून वाचले की नाव नीट येतं. शिवाय लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर फाइलनेमची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरं नाही, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या सगळं धरून ८५ चिन्हांत जागा संपते.

तेव्हा डिस्कवर यूयूआयडी (दर वेळी वेगळा येणारा लांब आयडी) किंवा तसं रँडम नाव, त्याला तुम्ही तपासून ठरवलेलं एक्स्टेन्शन, आणि युजरचं मूळ नाव डेटाबेसच्या कॉलममध्ये जसंच्या तसं. दाखवताना एचटीएमएल एस्केप करून (टॅगची चिन्हं निष्प्रभ करून) दाखवा, कारण नावात स्क्रिप्ट टॅग टाकणारे पण असतात. डाउनलोड देताना कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये फाइलनेम-स्टार वापरून यूटीएफ-८ मधलं नाव द्या, माणसाला त्याची फाइल त्याच्याच मराठी नावाने परत मिळते.

टाइप तपासणं. पीएचपीतलं टाइप किंवा मल्टरचं माइमटाइप हे ब्राउझरने पाठवलेलं असतं, त्यावर निर्णय घ्यायचा नाही. फाइलचे सुरुवातीचे बाइट बघा, जेपेग एफएफ डी८ एफएफ ने सुरू होते, पीएनजीत दुसऱ्या बाइटपासून पीएनजी ही तीन अक्षरं असतात, पीडीएफ टक्क्याच्या खुणेनंतर पीडीएफ आणि डॅश अशी सुरू होते. पीएचपीत फाइलइन्फो, पायथनमध्ये लिबमॅजिकची बाइंडिंग, नोडमध्ये फाइल-टाइप पॅकेज हे काम करतात. डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स मुळात झिप असतात, तेव्हा तिथे नुसतं झिप दिसलं तर दचकू नका, आत उघडून बघावं लागतं. आणि नेहमी परवानगीची यादी ठेवा, बंदीची नाही, पीएचपी एक्स्टेन्शन अडवलंत तर पीएचटीएमएल येईल, तेही अडवलंत तर कुणीतरी डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइलच टाकून सर्व्हरचं वागणं बदलेल. पण एवढं करूनही बाइट तपासणं पुरेसं नाही, कारण सुरुवातीला जीआयएफचं हेडर आणि पुढे पीएचपी कोड अशी फाइल बनवणं अगदी सोपं आहे आणि फाइलइन्फो तिला इमानेइतबारे जीआयएफ म्हणतो.

म्हणून फाइल ठेवायची कुठे हे सगळ्यात महत्त्वाचं. वेबरूटच्या, म्हणजे ज्या फोल्डरमधल्या फाइली यूआरएलने थेट मिळतात त्याच्या, बाहेर. पब्लिक फोल्डरमध्ये अपलोड्स बनवून परमिशन ७७७ (सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) करणं हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. फोल्डर बाहेर असला की कुणी कसलीही फाइल चढवली तरी यूआरएल टाकून ती चालवता येत नाही, आणि देताना ती तुमच्या कोडमधून जाते म्हणून लॉगिन, परमिशन हे पण तिथेच तपासता येतं. शेअर्ड होस्टिंगमुळे आतच ठेवायला लागत असेल तर निदान त्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालणं बंद करा. देताना कंटेंट-टाइप तुम्ही तपासलेला द्या, सोबत नोस्निफ हेडर (ब्राउझरने टाइपचा अंदाज लावू नये म्हणून) लावा, आणि फोटो सोडून बाकी सगळं अ‍ॅटॅचमेंट म्हणून द्या. एसव्हीजीला फोटोत धरू नका, त्यात जावास्क्रिप्ट असू शकतं आणि ते तुमच्या डोमेनवर तुमच्या युजरच्या सेशनमध्ये चालतं. गूगल लोकांच्या फाइली गूगलयूजरकंटेंट अशा वेगळ्या डोमेनवरून देतं ते याचसाठी, जमत असेल तर तुम्ही पण वेगळं डोमेन घ्या.

फोटो असतील तर ते उघडून पुन्हा सेव्ह करणं हा सगळ्यात चांगला उपाय, आत लपवलेलं बरंचसं निघून जातं, एग्झिफमधलं (फोटोसोबत कॅमेरा लिहितो त्या माहितीतलं) जीपीएस लोकेशन पण जातं, आणि हे युजरसाठी फार मोलाचं आहे, घरातून काढलेल्या फोटोत घराचा पत्ता असतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. फक्त एग्झिफ काढायच्या आधी त्यातलं ओरिएंटेशन वाचून फोटो फिरवून घ्या, नाहीतर मोबाइलचे उभे फोटो आडवे होतात. उघडायच्या आधी हेडरमधून लांबी-रुंदी बघा, २०,००० बाय २०,००० ची एकाच रंगाची पीएनजी एक-दोन एमबीत बसते पण मेमरीत उघडल्यावर पिक्सेलला ४ बाइट धरून १.६ जीबी होते. पायथनची पिलो लायब्ररी यासाठी वॉर्निंग किंवा एरर देते, ती दाबून टाकू नका. इमेजमॅजिक (फोटो प्रोसेस करायचं टूल) वापरत असाल तर लागत नाहीत ते फॉरमॅट पॉलिसी फाइलमध्ये बंद करा, २०१६ चा इमेजट्रॅजिक प्रकार नुसता फोटो प्रोसेस करताना कमांड चालण्याचाच होता.

झिप घेऊन सोडवणार असाल तर आतल्या प्रत्येक नावाचा पाथ तपासा आणि सोडवून किती साइज होते ते मोजत राहा, शंका असेल तर झिप घेऊच नका.

डेटाबेसची एंट्री आणि डिस्कवरची फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाहीत. मी सुचवेन असं: आधी त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहा, मग रिनेम करा, एकाच पार्टिशनवर रिनेम एका झटक्यात होतं, अर्धवट फाइल कुणाला दिसत नाही, आणि मग डेटाबेसमध्ये रो टाका. रो पडली नाही तर एक अनाथ फाइल उरते, ती रात्रीचा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) उचलून टाकेल, पण उलट केलंत आणि रो आहे, फाइल नाही असं झालं तर युजरला तुटलेली लिंक दिसते.

फाइली खूप मोठ्या असतील तर प्रीसाइन्ड यूआरएल (थोड्या वेळापुरती परवानगी असलेली लिंक) देऊन ब्राउझरमधून थेट एसथ्रीवर (अ‍ॅमेझॉनच्या फाइल साठवण सेवेवर) चढवू द्या, तिथे एका पुट रिक्वेस्टमध्ये ५ जीबीपर्यंत जातं, पण वरची तपासणी तरी लागतेच, फाइल तिथे पोचल्यावर बॅकग्राउंड जॉबमध्ये करा आणि ती पास होईपर्यंत फाइल कुणाला दाखवू नका.

लाइव्ह करायच्या आधी हे टाकून बघा: शून्य बाइटची फाइल, लिमिटपेक्षा एक बाइट मोठी, एक्स्टेन्शन नसलेली, पूर्ण मराठी लांबलचक नावाची, जेपीजी नाव दिलेली टेक्स्ट फाइल, फाइल न निवडता केलेला सबमिट, आणि कर्लने खोटा टाइप लावून पाठवलेली एचटीएमएल. मग एक मोठी फाइल अर्ध्यावर असताना नेट बंद करा आणि टेम्प फोल्डरमध्ये काय उरलंय ते बघा.