प्लिनियन सोसायटीच्या धर्तीवर विज्ञानचर्चेची बैठक कशी भरवावी

बडोद्यातील ज्या मंडळींना विज्ञानचर्चेचे मंडळ सुरू करायचे आहे, त्यांनी एडिंबरा विद्यापीठात १८२३ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीचा नमुना पुढे ठेवावा. पहिल्या बैठकीत तिचाच इतिहास सांगावा, म्हणजे नियम वेगळे समजावावे लागत नाहीत.

वक्त्याने स्वतः पाहिलेले काही मांडावे. २७ मार्च १८२७ रोजी अठरा वर्षांच्या चार्ल्स डार्विनने तेथे सांगितले की, फ्लस्ट्रा या सागरी जीवाची अंडी समजले जाणारे कण प्रत्यक्षात स्वतः हालचाल करणाऱ्या अळ्या आहेत. आपल्याकडे विश्वामित्रीतल्या मगरींवर बोलायचे असल्यास पुलावरून, सुरक्षित अंतर राखून, काही आठवडे दिवस व वेळ टिपून ठेवावी; ऐकीव गोष्टींना बैठकीत जागा देऊ नये.

सर्वांत जपायचे ते इतिवृत्त. डार्विन बोलला त्याच संध्याकाळी सोसायटीचा सदस्य विल्यम ब्राउन याने मन हे भौतिकच आहे असे प्रतिपादन केले, वाद पेटला आणि पुढे त्या निबंधाची नोंद इतिवृत्तातून खोडली गेली. (खोडूनही ती वाचता येते, हे इतिहासाचे भाग्यच.) म्हणून चिटणिसाने आक्षेप आणि उत्तर दोन्ही लिहावीत, पाने क्रमांकित ठेवावीत, आणि दुरुस्ती करायचीच झाली तर मूळ मजकूर तसाच ठेवून समासात तारखेसह करावी. चहा मात्र चर्चा संपल्यावरच द्यावा.