टिपरचं डिफ लॉक: दिव्यावर नको, हातावर विश्वास ठेवा

वाघोलीच्या खाणीतून डिफ लॉक लावून गाडी वर काढायची आणि डांबरी रस्ता लागला तरी बटण बंद करायचं विसरायचं, हा आमच्या ड्रायव्हरचा शिरस्ता. डिफ म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी एक्सलमधली गिअरची रचना. लॉक लागलं की मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते जमत नाही. मग टायर फरपटतात आणि ताण लॉकच्या दात्यांवर येतो. एका पावसाळ्यात चिखलात लॉक लावलं, डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवाही लागला, पण रेस देताच खाडकन आवाज होऊन लॉक सुटायचं. दात्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या.

तपासणी सुरू करा डिफच्या ऑईलपासून. गाडी थोडी फिरवून आणा, कोमट ऑईल नीट वाहतं. आधी भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच ड्रेन प्लगला हात लावा. नाहीतर ऑईल खाली आणि गाडी जागेवर. प्लगच्या लोहचुंबकावर काजळासारखा राखाडी लेप असेल तर चालतं. बोटाला टोचणारा चुरा किंवा दात्याचा तुकडा निघाला तर गाडी चालवू नका. ऑईल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, ब्रीदर (एक्सलमधली हवा जाण्या-येण्याची वाट) बघा.

आता हाताची चाचणी. ही रीत सहाचाकी, रिकाम्या गाडीची. टाकीत हवा पूर्ण भरली की इंजिन बंद. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा एक्सल उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो आणि तो सोडायचाय, म्हणजे गाडी धरतात ते फक्त ठोकळे. चाकं अधांतरी असताना इंजिन सुरू करायचं नाही.

गाडी गिअरमध्ये, लॉक बंद: एक चाक फिरवा, दुसरं उलटं फिरायला हवं. मध्येच अडकलं किंवा कचकचलं तर डिफच्या आतल्या छोट्या स्टार गिअरचा किंवा बेअरिंगचा संशय घ्या.

चावी ऑन करून लॉक लावा. ‘खट्ट’ ऐकू येईल. नाही आलं तर दाते समोरासमोर आलेत, चाक वीतभर हलवा. आता जराशा प्लेपलीकडे, म्हणजे सैलपणापलीकडे, एकही चाक फिरता कामा नये. न्यूट्रलला दोन्ही एकाच दिशेने फिरतील. दिवा लागूनही चाकं उलटसुलट फिरली तर दिव्याचा स्विच खोटं बोलतोय किंवा फोर्क (लॉकची दातेरी कडी, म्हणजे कॉलर, सरकवणारा काटा) वाकलाय. बटण बंद केल्यावर स्प्रिंगने लॉक सुटायला हवं. हवेच्या पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे बघा.

राहिला आवाज. दिवे घाट चढताना, जोर असतानाच कुई येत असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाचा जोर एक्सलला देणारी मोठ्या गिअरची जोडी. फक्त वळणावर येत असेल तर स्टार गिअर.

एक्सल ओढून दाते बघणं मिस्त्रीवर सोडा. कॉलर बदलायची झालीच तर समोरचा दात्यांचा भागही जोडीने बदला. आम्ही पैसे वाचवायला एकच बदलला, दोन महिन्यांत पुन्हा तेच खाडकन.