स्टर्नड्राइव्हचा लेग उतरवून इंजिनाची अलाइनमेंट कशी तपासावी

गोव्यात बहुतेक होड्यांना आणि वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींना आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन असतं. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा लेग बाहेर अशी रचना, जाणणारा मेकॅनिक त्यामुळे शोधावाच लागतो, आणि सापडला तरी चतुर्थीच्या सुमारास तो कुणाच्या हाती लागत नाही, कारण पर्यटनाचा सीझन सुरू व्हायच्या आत सगळ्यांनाच बोट पाण्यात हवी असते. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर मासेमारीबंदीमुळे जेटीला असतात आणि मांडवी-जुवारीच्या तोंडाशी छोट्या बोटीला बाहेर काढण्यात शहाणपण नसतं. तेच दोन महिने या कामाचे. बोट ट्रेलरवर घ्या, वर ताडपत्री बांधा आणि सावकाश करा.

बरेच मालक दरवर्षी लेगचं तेल बदलतात आणि देखभाल झाली असं समजतात. माझ्या मते ते निम्मंसुद्धा काम नव्हे. इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा लेग बाहेर आणि मधे ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. लेगचा शाफ्ट ट्रान्सममधल्या गिंबल बेअरिंगमधून आत जाऊन इंजिनाच्या मागच्या कपलरच्या दात्यांत बसतो; हे सगळं एका रेषेत असणं म्हणजे अलाइनमेंट. त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटभोवती बेलोज, म्हणजे घड्यांची रबरी नळी असते. ते फाटले की आधी बेअरिंग गंजतं, मग त्याच वाटेने पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत येतं, आणि जेटीला बांधलेली बोट बांधल्या जागी बुडते. हे सगळं बाहेरून दिसत नाही. लेग वर्षातून एकदा उतरवायचाच.

खालची कृती मर्क्रूझर या ब्रँडच्या अल्फा आणि ब्राव्हो लेगसाठी आहे. व्होल्वो पेंटाच्या बऱ्याच मॉडेलांची जोडणी वेगळी असते. तिथे त्यांचंच मॅन्युअल उघडा.

आधी तेल

बॅटरीची वायर काढा. लेग पूर्ण खाली, सरळ उभा ठेवा. खालचा ड्रेन स्क्रू काढा, मग वरचा व्हेंट स्क्रू. पहिलं वाटीभर तेल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उजेडात नीट बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे कुठलं तरी सील गेलंय. नुसतं नवं तेल भरून तो प्रश्न सुटत नाही. स्क्रूच्या चुंबकाला चिकटलेली बारीक काळी पूड चालते. नखाने उचलता येईल असा धातूचा तुकडा मिळाला तर मात्र गिअर उघडावे लागतील आणि ते घरचं काम नव्हे. जुनं तेल नदीत किंवा गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून भंगार तेल घेणाऱ्याला द्या.

लेग उतरवणे

अल्फा असेल तर गिअर फॉरवर्डमध्ये टाका, ब्राव्हो असेल तर न्यूट्रलमध्ये. अल्फाचा लेग न्यूट्रलमध्ये ओढला तर शिफ्टची जोडणी अडकते आणि माणूस हातोडी शोधायला लागतो. लेग वर-खाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरच्या मागच्या टोकाची पिन काढून सिलिंडर बाजूला बांधा. लेगखाली ट्रॉली जॅक किंवा वरून चेनपुली लावा. मग बाजूचे सहा नट सोडा आणि लेग सरळ मागे ओढा. वजन एकट्याने पेलायचं नाही, दुसरा माणूस हवाच.

आता पंखाही काढा. त्याच्यामागे गुंडाळलेली मासेमारीची नायलॉनची दोरी आपल्या नद्यांत हमखास सापडते. ती वितळून सील कापते, आणि वर सांगितलेल्या दुधाळ तेलाचं कारण पुष्कळदा तीच असते.

बेअरिंग, जॉइंट आणि बेलोज

बेलोजमध्ये हात घालून बेअरिंगची आतली रिंग बोटाने फिरवा. मऊ फिरली तर ठीक. खरखर लागली किंवा बोटाला तांबूस गंज आला तर बेअरिंग बदला. ते काढायला पुलर लागतो. भाड्याने मिळाला तर घ्या, छिन्नीने ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. युनिव्हर्सल जॉइंटचा प्रत्येक क्रॉस हाताने हलवून बघा, कुठे अडकता कामा नये आणि खेळही असता कामा नये.

बेलोज दोन्ही हातांनी ताणून घड्यांच्या तळाशी टॉर्च मारा. भेग तिथेच पडते. आपल्याकडचं ऊन आणि खारं पाणी पाहता मी दोन-तीन वर्षांवर बेलोज ठेवत नाही, वरून कितीही चांगले दिसोत. कालवं चिकटली असतील तर लोखंडी पट्टीने खरवडू नका. लाकडी पट्टी घ्या. बोट पाण्यात बांधताना लेग खाली ठेवावा, म्हणजे रबर ताणलेलं राहत नाही.

अलाइनमेंट

बेलोज-बेअरिंगचं काम संपल्यावरच अलाइनमेंटला हात घाला. उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं. बोट ट्रेलरवर सगळीकडे सारखी टेकलेली हवी. तळ वाकलेला असेल तर माप खोटं येतं.

यासाठी अलाइनमेंट बार लागतो. लेगच्या शाफ्टसारखाच लांब दांडा, टोकाला तसेच दाते. जेटीवर चार मालक मिळून एक विकत घेतला तरी पुरे. गिंबल बेअरिंग आपल्या जागी कुठल्याही बाजूला झुकू शकतं, म्हणून बार आत घातल्यावर आधी त्याच्या बाहेरच्या टोकाला वर-खाली, डावी-उजवीकडे हलकेच ठोका, म्हणजे बेअरिंग बारच्या रेषेत येतं. मग बार बाहेर काढा, दात्यांना ग्रीसचा पातळ थर लावा आणि पुन्हा कपलरपर्यंत घाला. दोन बोटांच्या जोराने सरकून आत गेला पाहिजे. ढकलावा लागत असेल तर रेषा चुकलीय.

बार सरळ ओढून काढा आणि ग्रीसवरचे ठसे वाचा. चारी बाजूंनी सारखे असतील तर झालं. फक्त वर किंवा फक्त खाली ग्रीस पुसलं गेलं असेल तर इंजिनाचं पुढचं टोक जास्त उंच किंवा जास्त खाली आहे. इंजिन ज्यांवर टेकतं त्यांतले मागचे माउंट ट्रान्समला पक्के असतात, तिकडे काही करायचं नसतं. पुढच्या माउंटचा लॉकनट सैल करा आणि खालचा ॲडजस्टिंग नट थोडाच फिरवा, अर्ध्या आट्याहून जास्त नाही. व्ही-6 आणि व्ही-8 ना पुढे दोन माउंट असतात, दोन्हीकडे सारखंच फिरवायचं, 3.0 लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला पुढे एकच. पुन्हा ग्रीस, पुन्हा बार. ठसा वाईट होत गेला तर उलट दिशेने फिरवा. बार सुखाने जाऊ लागल्यावर क्रँक पुलीला पाना लावून पाव-पाव फेरा फिरवा आणि चारी जागी बार घालून बघा. एका जागी सुटतो आणि दुसऱ्या जागी अडकतो असं झालं तर कपलर किंवा त्याचं बसणं संशयास्पद आहे.

लॉकनट घट्ट केल्यावर बार आणखी एकदा घाला. नट आवळताना इंजिन केसभर हलतं आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

दरवर्षी बार अडकत असेल तर नट फिरवत बसू नका. माउंटचं रबर बसलंय किंवा खालची लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे इंजिनाला आधार देणारी तळाची लांब तुळई, कुजलीय. हातोडीच्या दांड्याने स्ट्रिंगर ठोकत जा. टणक आवाजाच्या मधे कुठे बद्द आवाज आला की तिथे पाणी शिरलेलं आहे. पावसात उघड्यावर राहिलेल्या बोटीत हे फार दिसतं.

परत बसवणे

ट्रान्समकडची गॅस्केट नवी, ओ-रिंग नव्या, दात्यांना स्प्लाइन ग्रीस. लेग उतरवताना ज्या गिअरमध्ये होता त्यातच असू द्या. दाते जुळत नसतील तर अल्फामध्ये पंख्याचा शाफ्ट हाताने थोडा फिरवून आतला शाफ्ट वळवा. नट आवळून लेग आत खेचायचा प्रयत्न केला की नव्या बेअरिंगवर ताण येतो. लेग हाताने पूर्ण बसला की सहाही नट आलटून-पालटून 68 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

अॅनोड, म्हणजे लेगऐवजी स्वतः गंजून झिजणारे धातूचे तुकडे, निम्मे झिजले असतील तर बदला. आपल्या नद्या मे महिन्यात खाऱ्या आणि जुलैत जवळपास गोड्या, त्यामुळे मी ॲल्युमिनियमचे अॅनोड लावतो. झिंक गोड्या पाण्यात निकामी होतं आणि मॅग्नेशियम खाऱ्यात भराभर संपतं. अॅनोडवर रंग लावायचा नाही. लेगवर कालवं-शेवाळ रोखणारा तांब्याचा अँटीफाउलिंग रंगही नाही, तो ॲल्युमिनियम खातो.

तेल खालच्या छिद्रातून पंपाने चढवा. वरच्या व्हेंटमधून बुडबुडे संपून सलग धार आली की आधी व्हेंट स्क्रू लावा, मगच पंप काढून खालचा स्क्रू झटकन बसवा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. पावसाळी गाळाने पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी चाक, झिजतो, तोही याच वेळी बदलून टाका.

पाण्यात उतरवण्याआधी लेगच्या पाणी घेण्याच्या जाळीवर फ्लशिंग मफ, म्हणजे नळाला जोडायचे रबरी कप, लावा, नळ आधी सोडा आणि मग इंजिन; बंद करताना उलट. पेट्रोल इंजिन असेल तर त्याआधी पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवा. बोट रॅम्पवरून खाली गेली की ट्रेलरचा पट्टा लगेच सोडू नका. इंजिनाचं झाकण उघडून गिंबल बेअरिंगच्या मागे टॉर्च धरा, दहा मिनिटं थांबा. कोरडं असेल तर नदीत एक छोटी फेरी मारा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गुरगुर येते का ऐका, आणि परत आल्यावर लेगच्या तेलाची जी बाटली बोटीत असते तिच्यातली पातळी बघा. पहिल्या फेरीनंतर ती थोडी उतरते. तेवढी भरून घ्या.