रोटरीच्या सभेला वक्ता बोलावताना

सभा तासाभराची असली तरी वक्त्याच्या वाट्याला २० मिनिटंच येतात, वर १० मिनिटं प्रश्नोत्तरं. हे पहिल्याच फोनवर सांगून टाका. तारीख महिनाभर आधी ठरवा आणि आदल्या दिवशी आठवण करा. परिचय पाच ओळींचा पुरे. चार पानी बायोडेटा वाचला की वक्त्याचीच मिनिटं जातात.

वेळ खरी सुरुवातीलाच जाते. अध्यक्षांनी घंटा वाजवली की वाढदिवस, मग सचिवांच्या घोषणा, मग कुणाला तरी ‘दोनच मिनिटं’ बोलायचं असतं. घोषणा लेखी घ्या, ५ मिनिटांत उरका, बाकीच्या व्हॉट्सॲपवर.

प्रोजेक्टर अर्धा तास आधी लावून बघा. लॅपटॉपला नुसतं टाइप-सी पोर्ट असेल तर एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो, आणि तो हॉलवाल्याकडे हमखास नसतो. सादरीकरणाची पीडीएफही मागून ठेवा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. माइकला नवे सेल घाला.

जेवण भाषणानंतरच. आभार दोन वाक्यांत. भाषणाचा सारांश पुन्हा ऐकवू नका.

दर आठवड्याला वक्ता मिळत नाही? २०१६ पासून नियम सैल झालेत, महिन्याला किमान दोन सभा झाल्या तरी चालतं.